सत्ता आणि उत्तरदायित्व : लेखांक ५ – थिबा राजाचा हिशेब

बलाढ्य राष्ट्राने दुर्बळ शेजाऱ्याशी कसे वागावे, या प्रश्नाचा विचार करण्यास रत्नागिरीकराला विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. भाट्याच्या खाडीवर नजर लावून उभी असलेली आणि येथील पोराटोरांच्याही तोंडी थिबा पॅलेस या नावाने रुळलेली ती जांभ्या दगडाची वास्तू त्यास पुरेशी आहे.

गेल्या लेखांकात आपण अफगाण युद्धावरून डिझरायली आणि ग्लॅडस्टन या विलायतेच्या दोन पुढाऱ्यांत जुंपलेला वाद पाहिला. समर्थाने शेजारच्या मुलखाचा बंदोबस्त करणे हे त्याचे कर्तव्यच होय, असे डिझरायलीचा पक्ष म्हणे. परक्याच्या घरात न शिरणे हेच समर्थाचे पहिले कर्तव्य, असे ग्लॅडस्टनचा. ज्याच्यासाठी ही वास्तू बांधली त्या थिबा राजाचा ब्रह्मदेश घेण्याच्या प्रकरणी पहिल्या पक्षाने तीन कारणे पुढे केली: थिबाने गादी बळकट करण्यासाठी १८७९ साली आपल्या भाऊबंदांची केलेली कत्तल, १८८५ च्या जानेवारीत त्याने फ्रान्सशी केलेला तह, आणि बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या कंपनीवर थिबाच्या मंडाले येथील दरबाराने बसविलेला सुमारे २३ लाखांचा दंड. यांपैकी पहिले कारण ऐकण्यास सर्वांत उदात्त, परंतु त्या कत्तलीनंतर इंग्रजांची भूतदया सहा वर्षे स्वस्थ निजून होती आणि फ्रेंचांची चाहूल व सागाचे ओंडके एकत्र येताच ती खडबडून जागी झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची किंमत करण्यास फारसे पांडित्य लागत नाही. थिबा साधुपुरुष होता असे मात्र यावरून कोणी समजू नये.

ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबर सरण्यापूर्वी राजा शरण आला, आणि १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या त्रोटक जाहीरनाम्याने अवघे राज्य खालसा झाले.

त्याच्या आदल्याच आठवड्यात, १८८५ च्या डिसेंबरअखेर, मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले होते. ७२ प्रतिनिधींच्या त्या सभेने ठराव केला की, उत्तर ब्रह्मदेश खालसा करणे आम्हांस नापसंत आहे. आणि तसे करावयाचेच असेल तर तो सर्व देश हिंदुस्थान सरकारच्या अमलापासून तोडून सिंहलद्वीपाप्रमाणे स्वतंत्र वसाहत करावा. ठरावाचा उत्तरार्ध परोपकारबुद्धीचा नव्हे, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. त्याच्या मुळाशी आपल्या खजिन्याची धास्ती आहे. तथापि माझ्या मते त्या सबंध वादात मुद्द्याचा प्रश्न एवढाच होता. समर्थाची जबाबदारी या शब्दावर दोन्ही पक्षांचे वक्ते तासचे तास बोलत. पण ती जबाबदारी पार पाडण्याचे बिल कोणाच्या नावे फाडावयाचे, हे विचारण्याची गरज ज्यांच्या नावे ते फाटणार होते त्यांनाच भासली. १८८६ च्या फेब्रुवारीत खुद्द ग्लॅडस्टन अधिकारावर आले. पण राज्य परत गेले नाही, आणि स्वारीचा खर्च हिंदुस्थानच्याच तिजोरीवर पडला. विरोधी बाकावरचे तत्त्व सत्तेच्या बाकावर येईतो किती झिजते, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला तो १९३७ साली, म्हणजे ठरावानंतर ५१ वर्षांनी.

आणि ज्याच्या राज्याची जबाबदारी सरकारने आपण होऊन शिरावर घेतली, त्या राजाची? १८८६ च्या एप्रिलात त्यास रत्नागिरीस आणले, तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. त्यास ठरावीक नेमणूक मिळे, ती कधीच पुरत नसे. राजवाडा बांधून झाला तो १९१० साली, चोवीस वर्षांनी. त्या सुमारास याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक थिबाच्या मंडालेत तुरुंगवास भोगीत होते. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परत गेली. राजाचे शव मात्र तिला नेता आले नाही, ते येथेच, शिवाजीनगरच्या समाधीत आहे.