मऊभात, काळं डुक्कर आणि श्वास रोखणाऱ्या आज्या: जेजूच्या एका दिवसात ताटात नेमकं काय येतं?

मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' आली आणि आपल्याकडच्या के-ड्रामावाल्या पब्लिकच्या फीडवर एकच बेट दिसायला लागलं, जेजू. पिवळ्याधमक फुलांची शेतं, काळे दगड, निळा समुद्र आणि झाडाला लगडलेली संत्री. कोरियन माणसासाठी जेजू म्हणजे आपल्याकडचं गोवा समजा. सुट्टी पडली की पहिला विचार तिथला. वर्षाला सव्वा कोटीहून जास्त पर्यटक या बेटावर उतरतात आणि सोल ते जेजू हा जगातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानमार्गांपैकी एक आहे.

रीलमध्ये जेजूचा दिवस साधारण ठरलेला असतो. पहाटे सूर्योदय, मग गरमागरम नाश्ता, दुपारी फेरफटका आणि संध्याकाळी काळ्या डुकराचं ग्रील. आपणही त्याच क्रमाने जाऊ. फक्त प्रत्येक ठिकाणी थांबून विचारू, की हे ताटात आलं कुठून? कारण आज जेजूची 'खासियत' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं एकेकाळी गरिबाचं जेवण होतं.

सुरुवात सोंगसान इल्चुलबोंगपासून. इल्चुलबोंग म्हणजे सूर्योदयाचं शिखर. बेटाच्या पूर्व टोकाला समुद्रात घुसलेला हा डोंगर लांबून पालथ्या टोपलीसारखा दिसतो, पण वर गेलं की आत कढईसारखा खोलगट भाग आहे, सुमारे 600 मीटर रुंद. साधारण 5 हजार वर्षांपूर्वी इथे तप्त लाव्हारस उथळ समुद्राच्या पाण्याला भिडला, जोरदार स्फोट झाले आणि उडालेली राख थरावर थर साचत गेली. त्यातून हा डोंगर तयार झाला. उंची 180 मीटरच्या आसपास, पायऱ्या बांधलेल्या आणि चढायला अर्धा तास. सिंहगड चढणाऱ्यांना दमही लागणार नाही. 2007 मध्ये युनेस्कोने जेजूला जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हा डोंगर आहे.

खरं तर अख्खं बेटच ज्वालामुखीचं. मध्यभागी 1,947 मीटरचा हल्लासान, दक्षिण कोरियातला सगळ्यात उंच डोंगर. आजूबाजूला 360 च्या वर छोट्या टेकड्या, त्यांना तिथे 'ओरुम' म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, आपलं दख्खनही लाव्ह्याचंच की. बरोबर, पण ते साडेसहा कोटी वर्षं जुनं. आपला दगड झिजून पाणी धरून ठेवणारी काळी माती झाली. जेजूचा दगड त्यामानाने ताजा आणि सच्छिद्र. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी जमिनीत उतरून जातं. भातखाचरांत पाणीच ठरत नाही.

त्यामुळे तांदळाच्या देशात असूनही जेजूच्या ताटात तांदूळ फार नव्हता. लोक जगले सातू, कुट्टू, रताळी आणि राळ्यावर. हो, आपला राळाच. आज बाजारात रांग लावून विकत घेतात ती 'ओमेगी-तोक' नावाची मिठाई मुळात चिकट राळ्याच्या पिठाची. कोरियात इतरत्र तोक सहसा तांदळाचे. इथे तांदूळच नव्हता, म्हणून राळा.

डोंगर उतरलात की नाश्त्याला जोनबोकजुक. म्हणजे अबलोनी घातलेला मऊभात. अबलोनी हा खडकाला चिकटून राहणारा, एकाच कवचाचा समुद्री जीव. त्याच्या आतड्यासकट भात शिजवला की त्याला हिरवट-पिवळा रंग येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा विचित्र वाटतो, पण चव सौम्य. पूर्वी हा जीव राजदरबारात कर म्हणून पाठवावा लागे. म्हणजे काढणारे वेगळे आणि खाणारे वेगळे.

तो काढून आणणाऱ्या बायका म्हणजे हेन्यो, समुद्राच्या बायका. ऑक्सिजनची टाकी न वापरता त्या सुमारे 10 मीटर खोल जातात, मिनिटभर श्वास रोखतात, खडकावरून अबलोनी, शंख, सी अर्चिन सोडवतात आणि वर येतात. वर आल्यावर तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघतो, त्याला म्हणतात 'सुम्बीसोरी'. इतका वेळ कोंडलेला श्वास सोडण्याचा तो आवाज. सोंगसानच्या पायथ्याशी त्यांचं प्रात्यक्षिक होतं. आपण फोन वर धरून शूट करतो, पण समोरच्या बाईचं वय बऱ्याचदा सत्तरीच्या पुढे असतं.

टाकी का नाही वापरत? परवडत नाही म्हणून नाही. टाकी लावली तर एकच जण दिवसभरात खडक रिकामा करेल. म्हणून गावोगावच्या हेन्योंनी नियम बांधून घेतलेत. अमुक काळात काढायचं नाही, अमुक आकाराहून लहान असेल तर परत सोडायचं. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी म्हाताऱ्या बायकांसाठी राखून ठेवायचं, त्याला 'हालमांग-बादांग' म्हणतात, म्हणजे आजीचा समुद्र. काही गावांत तर समुद्राचा एक भाग शाळेच्या नावाने ठेवला जायचा आणि तिथल्या कमाईतून शाळेचा खर्च निघायचा. तरुण मुलीला सगळ्यात आधी शिकवतात ते कसं उतरायचं हे नाही, तर कधी वर यायचं हे. खाली एक मोठा अबलोनी दिसला, 'एवढा घेतेच' म्हणून थांबली आणि श्वास संपला, अशा कितीतरी बायका गेल्या. त्या शेवटच्या हव्यासाच्या श्वासालाही त्यांच्याकडे शब्द आहे, 'मुलसुम', पाण्यातला श्वास.

आणि या नुसत्या मासळी काढणाऱ्या नव्हत्या. 1932 मध्ये जपानी राजवटीत त्यांच्या मालाला कवडीमोल भाव मिळायला लागला, तेव्हा याच बायका रस्त्यावर उतरल्या. सोंगसानजवळच्या हादो गावात हेन्यो संग्रहालय आहे. वेळ असेल तर एखादा कॅफे कमी करा, पण हे बघा.

1970 मध्ये जेजूवर सुमारे 14 हजार हेन्यो होत्या. आता 3 हजारांहून कमी उरल्यात आणि त्यातल्या बहुतेक साठीच्या पुढच्या. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, कौतुक झालं. पण मुली शिकल्या, शहरात गेल्या. यात दुःख करण्यासारखं काय, हाही प्रश्न आहेच. कारण त्यांना पाण्यात उतरावं लागू नये, म्हणूनच तर आया पाण्यात उतरत होत्या. त्या ड्रामातल्या हेन्यो आईचीही हीच धडपड आहे.

सोंगसानहून निघताना डोंगराला बेटाशी जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी लागते, 'तोजिनमोक'. इथे फोटो सुंदर येतात. आणि इथेच लोकांना ओळीत उभं करून गोळ्या घातल्या होत्या. 3 एप्रिल 1948 ला जेजूवर उठाव झाला, तो मोडायला सैन्य, पोलीस आणि उजव्या टोळ्या उतरल्या आणि 1954 पर्यंत 25 ते 30 हजार लोक मारले गेल्याचा अंदाज आहे. म्हणजे बेटावरचा जवळपास दर दहावा माणूस. त्यावर बोलणंही अनेक दशकं गुन्हा होता. 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. पर्यटक ज्या विमानतळावर उतरतात, तिथेही 2007 ते 2009 च्या उत्खननात शेकडो मृतांचे अवशेष सापडले. 2024 च्या नोबेल विजेत्या हान कांग यांची 'वी डू नॉट पार्ट' ही कादंबरी याच हत्याकांडावर आहे.

दुपार मात्र हलकी ठेवा. सोंगसानच्या धक्क्यावरून बोटीने पंधरा मिनिटांत उदो बेट, तिथलं शेंगदाण्याचं आइस्क्रीम प्रसिद्ध आहे. फोटोत जास्त गोड दिसतं, पण खा. परतताना शेतांच्या काळ्या दगडी गडग्यांकडे बघा. कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. या गडग्यांची एकूण लांबी 22 हजार किलोमीटरच्या आसपास धरतात. मातीचा दगड काढून वाऱ्याला अडवायला तोच रचला, एका दगडात दोन कामं.

गडग्यांच्या आत संत्री. एकेकाळी संत्र्याच्या झाडाला इथे 'कॉलेजचं झाड' म्हणायचे, कारण थोड्या झाडांवर पोराची फी निघायची. डोक्यावर उंचवटा असलेलं मोठं फळ दिसेल, ते 'हल्लाबोंग'. नाव हल्लासानच्या शिखरावरून, जात मात्र जपानी.

संध्याकाळी हुकद्वेजी, काळं डुक्कर. कातडीसकट जाड तुकडे निखाऱ्यावर, बाजूला 'मेलजोत', म्हणजे मुरवलेल्या छोट्या माशांची खारट चटणी, तीही ग्रीलवरच उकळवलेली. सुक्या मासळीचा वास ज्यांना आवडतो त्यांना ही लगेच पटेल. आता जरा किळसवाणं, पण खरं. पूर्वी इथली डुकरं घरामागच्या दगडी शौचालयाखाली पाळायचे. माणसाची घाण, गवत आणि डुकराचं शेण मिळून त्या हलक्या मातीला खत व्हायचं. 1970 च्या दशकातल्या ग्रामसुधार मोहिमेत ही पद्धत मोडीत निघाली. 2015 मध्ये जेजूच्या मूळ काळ्या डुकराला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण मिळालं. त्यामुळे शुद्ध जातीची डुकरं सरकारी संस्थेत आणि तुमच्या ताटात येतं ते बहुतेक संकरित.

डुक्कर नको असेल तर 'गाल्ची' मागवा, लांब चंदेरी मासा, आपल्या वाकटीच्या कुळातला. शाकाहारी लोकांना कष्ट पडतील, रश्श्यात मासा असतोच. त्यांच्यासाठी 'बिंगतोक', कुट्टूच्या घावनात मुळ्याचं सारण. खूपच फिकी आहे, चटणी घरून न्या.

जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. भारतीयांना जेजूसाठी 30 दिवस व्हिसा लागत नाही, पण त्यासाठी परदेशातून थेट जेजूलाच उतरावं लागतं. भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे सिंगापूरसारख्या ठिकाणाहून जावं लागतं. सोलमार्गे गेलात तर कोरियाचा व्हिसा हवाच. नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाची साइट बघा. आणि सकाळच्या त्या मऊभातासाठी किनाऱ्यावर 'हेन्यो-उई जिप', म्हणजे हेन्योंचं घर, अशी पाटी शोधा. गावातल्या हेन्यो मिळून चालवतात ती खानावळ, त्यामुळे पैसे पाण्यात उतरणाऱ्या बाईपर्यंत पोचतात. समुद्र खवळलेला असेल तर तिथे ताजा माल नसतो, तेव्हा उद्या या.