दहावीचा निरोप झाला, आता आंबवणी कोण देणार?



हे पान उघडलं की तुम्ही हरभऱ्यावरची घाटेअळी, कांद्यावरचा करपा, नाहीतर कापसाचा भाव शोधता. आज त्यातलं काही नाही. आज शाळेतल्या पिकाबद्दल बोलायचं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गावोगावच्या हायस्कुलांत दहावीच्या मुलांचे निरोप समारंभ होतात. कृषी विस्ताराच्या कामामुळं आमचं गावात येणं-जाणं असतं. मुख्याध्यापक म्हणतात, "साहेब, आलाच आहात तर मुलांना दोन शब्द सांगा." त्यामुळं असे बरेच समारंभ पाहायला मिळतात. ते पाहून जे सुचलं ते तुमच्यापुढं मांडतो.

समारंभात काय दिसतं

आदल्या दिवशी नववीची मुलं वर्ग झाडून पताका लावतात. फळ्यावर रंगीत खडूनं 'निरोप समारंभ' लिहिलेलं असतं, कडेनं वेलबुट्टी असते. मुली ठेवणीतल्या साड्या नेसून येतात, पोरं पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून येतात. दीपप्रज्वलन होतं, सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. मग मुलांची मनोगतं सुरू होतात.

पहिली दोन भाषणं पाठ केलेली असतात. तिसऱ्या भाषणापासून खरं बोलणं सुरू होतं. पाचवीला शाळेत आलो तेव्हा इंग्रजीची भीती वाटायची, ती कोणत्या सरांनी घालवली. गणिताच्या बाईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी कशी दिली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की अर्धा वर्ग गैरहजर असायचा. खो-खोच्या संघात कोण पळायचं आणि सहलीला पैसे नव्हते म्हणून कोण मागं राहिलं. बोलता बोलता एखादीचा कंठ दाटून येतो. ती खाली बसते आणि सगळ्या मुली रडायला लागतात. पोरं खिडकीतून बाहेर बघत बसतात.

शेवटी शाळेला भिंतीवरचं घड्याळ नाहीतर पंखा भेट दिला जातो, मुलं शिक्षकांच्या पाया पडतात, पोहे-पेढे होतात, फोटो निघतो. कार्यक्रम संपला.

तुमच्यापैकी ज्यांनी १९७५ नंतर शाळा केली, त्यांनी हे सगळं अनुभवलं आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्यात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधीच्या मंडळींची अकरावीची जुनी मॅट्रिक होती. आता २०२५ पासून परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणून निरोपही लवकर होतो. बाकी रीत तीच आहे.

रिकाम्या खुर्च्या

आपल्या बीड जिल्ह्यात या समारंभात एक गोष्ट डोळ्यांत भरते. पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्या निम्म्याहून अधिक रिकाम्या असतात. बसलेल्यांत आजी-आजोबाच जास्त. कारण सगळ्यांना माहीत आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून आई-बाप कारखान्याला गेलेले असतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी सोलापूर-सातारकडं, कुणी थेट कर्नाटकात. पट्टा पडल्याशिवाय घरी यायचं नसतं, कारण उचल फिटलेली नसते. दहावीचा अभ्यास, निरोप आणि परीक्षा नेमकी याच पाच महिन्यांत येते.

एका गावात एका मुलीचं मनोगत चालू होतं. तिच्या मैत्रिणीनं मोबाईल वर धरला होता. पलीकडं तिची आई फडात उभी राहून बघत होती, डोक्याला फडकं, मागं उसाचे वाढे. पोरीनं सांगितलं की चार वर्षं आजीनं सांभाळलं, सकाळी भाकरी मीच करते आणि मला नर्स व्हायचं आहे. सभागृहात टाळ्या झाल्या. फोनवरून आई काहीतरी बोलली, पण रेंज गेली.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. आई-बाप हौसेनं जात नाहीत. पण गावात मागं राहिलेल्या आपण मंडळींनी एक हिशेब करावा. या मुलीचा निरोप समारंभ झाला, पण पुढच्या जूनमध्ये ती कुठं असेल, याची जबाबदारी कुणाकडं आहे?

रोपवाटिका आणि शेत

मिरची-टोमॅटो करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. गादीवाफ्यावर रोप कितीही जोमदार आलं तरी खरी परीक्षा पुनर्लागवडीनंतर असते. रोप काटक व्हावं म्हणून शेवटी आपण पाणी तोडतो. मुळं तुटू नयेत म्हणून उपटायच्या आदल्या दिवशी वाफा ओला करतो. ऊन उतरल्यावर लावतो. लावलं की लगेच पाणी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, मग चिंबवणी. आठ-दहा दिवसांत फेरी मारून जिथं रोप मेलं तिथं नांगी भरतो. एवढं केलं तर शेत उभं राहतं.

शाळा म्हणजे रोपवाटिका. शिक्षकांनी पाच-सहा वर्षं रोप वाढवलं आणि निरोपाच्या दिवशी उपटून आपल्या हाती दिलं. पुढची तीन पाणी घरानं आणि गावानं द्यायची आहेत. ती चुकली म्हणून रोप वाळलं, तर दोष बियाण्याला देता येत नाही.

पहिलं पाणी: कागदपत्रं

परीक्षा संपल्यावर मुलं मोकळी होतात आणि निकालापर्यंतचे दिवस वाया जातात. याच दिवसांत पुढील कामं उरकून घ्यावीत.

१) शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहावी. चूक असेल तर शाळेत असतानाच मुख्याध्यापकांना भेटावं. शाळा सोडल्याचा दाखला आणि बोर्डाचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते.

२) जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल त्यांनी नॉन क्रिमिलेअर यांचे अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात एप्रिल-मेमध्येच द्यावेत. जूनमध्ये सगळा तालुका तिथं रांगेत उभा असतो.

३) विद्यार्थ्याचं स्वतःचं बँक खातं उघडून ते आधारशी जोडून घ्यावं. शिष्यवृत्ती त्याच खात्यावर येते.

आई-बाप फडात असले तर चुलता, मामा, आजोबा यांपैकी एकानं हे काम अंगावर घ्यावं. घरात सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

आंबवणी: प्रवेश

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. पूर्वी जवळच्या कॉलेजात जाऊन फॉर्म भरला की काम भागायचं, आता तारखा पाळाव्या लागतात. मोबाईल कुणाचा दिला आहे, पासवर्ड कुठं लिहून ठेवला आहे, हे घरात दोघांना तरी माहीत पाहिजे.

अकरावी हा एकच रस्ता नाही. ज्याचा हात यंत्रावर चालतो त्यानं आयटीआयचा एक किंवा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. तंत्रनिकेतनची तीन वर्षांची पदविका दहावीवरच मिळते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत दहावीनंतरचं कृषी पदविका शिक्षण आहे. आम्ही त्याच वाटेनं आलो. माती परीक्षण, रोपवाटिका, ठिबक, दुग्धव्यवसाय यांचं शिक्षण घेतलेला मुलगा नोकरी नाही मिळाली तरी स्वतःच्या दोन एकरांत वेगळं काहीतरी करून दाखवतो. मात्र मुलाला काय आवडतं हे आधी विचारा. शेजाऱ्याचा मुलगा सायन्सला गेला म्हणून आपला घालू नये. काळ्या रानातलं पीक मुरमाड रानात पेरत नाही आपण.

नांग्या भरा

निकालात कुणी एक-दोन विषयांत राहिलं तर घरात सुतक पडल्यासारखं करू नका. २०१५ पासून नापासांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला होते, वर्ष वाया जात नाही. एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. गेल्या दोन-चार वर्षांत गावातून कोण गळालं, त्यांची नावं पोलीस पाटलांना तोंडपाठ असतात. तीच नावं घेऊन शाळेत जावं.

मुलीच्या बाबतीत

आता थोडं कडवट बोलतो. नापास झालेला मुलगा कोयता घेतो आणि पास झालेल्या मुलीचं लग्न लागतं, असं आपल्याकडं घडतं. जोडीनं गेलं तर पूर्ण कोयता धरला जातो, उचल जास्त मिळते, म्हणून लग्नाची घाई होते. वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापाची काळजीही खोटी नाही. पण या काळजीवर लग्न हा इलाज नाही.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण पाहिजे. दहावीची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. असं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर आहे. १०९८ या क्रमांकावर कुणालाही कळवता येतं.

मुलीच्या शिक्षणाचा खर्च वाटतो तेवढा नाही. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. व्यावसायिक पदवी-पदविकेसाठी, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र घरांतील मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासनानं माफ केलं आहे. राहण्याचा प्रश्न असेल तर २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं असा तिचा आराखडा आहे. आपल्या तालुक्यात वसतिगृह सुरू आहे का, जागा किती आहेत, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

वसतिगृहाचं महत्त्व जुन्या माणसांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. गरिबाच्या पोराला आधी राहायला छप्पर आणि पोटाला भाकरी पाहिजे, मग शिक्षण टिकतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जाणलं होतं. आपल्याकडची हंगामी वसतिगृहं आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. नववी-दहावीची मुलं मात्र उघड्यावर पडतात, आणि अभ्यासाची खरी वर्षं तीच असतात.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे की निरोप समारंभाला नुसता हार घ्यायला जाऊ नये. मुख्याध्यापकांकडून दहावीच्या मुलांची यादी घ्यावी. नावापुढं तीन रकाने आखावेत: कागदपत्रं झाली का, प्रवेश कुठं घेतला, जुलैमध्ये मुलगा-मुलगी कुठं आहे. ही यादी ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात, त्यातून गरजू मुलीला काय मदत देता येईल ते ठरवावं. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचं कामही ग्रामपंचायतीकडं आहे. ते पूर्ण असेल तर कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी धावपळ होत नाही. आणि परीक्षेच्या दिवसांत समाजमंदिरात रात्री अभ्यासाला दिवा चालू ठेवला, लग्नाचा डीजे बंद ठेवला, तर त्याला एक रुपयाही खर्च नाही.

आई-बापांना एवढंच सांगणं आहे की फडात असलात तरी रोज संध्याकाळी पोराला एक फोन करा. मार्क विचारू नका, जेवलास का ते विचारा.

मुलं शाळेला घड्याळ भेट देतात. ते भिंतीवर वर्षानुवर्षं चालतं. देणारी मुलं पुढच्या वर्षी त्या वेळेला कॉलेजच्या वर्गात असतात की फडात, हे मार्च ते जुलै या पाच महिन्यांत ठरतं. या वर्षीची यादी शाळेत तयार आहे. उद्या सकाळीच जाऊन मागून घ्या.