न मोजला गेलेला पाऊस

‘हवामानाचं काम करता ना? मग सांगा, उद्या पाऊस पडेल का?’ लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला हमखास येतो. मी हवामानतज्ज्ञ नाही. हवामान मोजणारी यंत्रं जिथं उभी असतात, तिथं जाऊन ती खोलणारा, पुसणारा आणि पुन्हा चालू करणारा साधा तंत्रज्ञ आहे. खांद्यावर पाने-पक्कड, पिशवीत बॅटरी आणि एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ!

स्वयंचलित हवामान केंद्र म्हणजे कुंपणातला एक लोखंडी खांब. त्यावर वारा मोजणाऱ्या गरगरत्या वाट्या, पांढऱ्या आडोशात तापमापक, एक सौरपट्टी आणि शेजारी पर्जन्यमापक. त्याच्या पोटात चिमुकला सी-सॉ असतो. नरसाळ्यातून पाणी ठिबकतं, एक वाटी भरली की कलंडते, दुसरी वर येते. आमच्या यंत्रात प्रत्येक कलंडणं म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस.

भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. तेव्हापासून पाऊस माणसंच मोजत आली. आजही अनेक ठिकाणी सकाळी साडेआठला कुणीतरी मोजपात्र डोळ्यांसमोर धरतं. आता महसूल मंडळांतही स्वयंचलित केंद्रं आली आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. म्हणजे त्या दोन वाट्यांच्या कलंडण्यावर एखाद्याची नुकसानभरपाई अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा तिसरा आठवडा, सह्याद्रीच्या कुशीतलं एक गाव. आजूबाजूच्या केंद्रांवर शंभराच्या वर पाऊस आणि इथं साडेनऊ! मला पाठवलं गेलं. वाटेतच ओढ्यानं बांध फोडलेला दिसला. भाताचा तरवा वाहून गेला होता. कुंपणापाशी घोंगडी पांघरून एक आजोबा उभे होते.

“साहेब, मशीन काय म्हणतंय?”

“साडेनऊ मिलिमीटर.”

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मला घरी घेऊन गेले. सरळ कडांचा पत्र्याचा डबा समोर ठेवला. “सांजच्याला रिकामा ठेवला होता अंगणात. तुमीच मोजा.”

डब्याच्या कडा सरळ असल्या की तोंड केवढंही असो, पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. मी पोलादी पट्टी बुडवली. ११८ मिलिमीटर.

परत येऊन नरसाळं उघडलं. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीचं वाळलेलं मातीचं घर आणि त्यावर अडकलेला पालापाचोळा. पाणी काठोकाठ साचून बाहेर सांडत होतं. आणि मला आठवलं, मे महिन्यात मी इथं आलो होतो. शेवटची एसटी चुकेल म्हणून कुंपणाबाहेरूनच पाहिलं होतं आणि तपासणी पत्रकावर ‘स्वच्छ केले’ असं लिहून सही ठोकली होती.

आता दोन वाटा होत्या. ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहायचं, नाहीतर खरं लिहायचं. पेन बराच वेळ हातात धरून बसलो. घरी मुलीच्या फीचा हप्ता थकला होता, नोकरी कंत्राटी होती. शेवटी लिहिलं : नरसाळे तुंबलेले, मे महिन्यातली सफाई झालेली नव्हती, कालची नोंद ग्राह्य धरू नये. खाली डब्याचं मापही लिहिलं. डब्याचा आकडा दप्तरात चढत नाही, पण शेरा राहतो.

मला मेमो मिळाला. ती नोंद बाजूला ठेवून गावात प्रत्यक्ष पंचनामे झाले. आजोबांना पैसे मिळाले. उशिरा आणि मागितले त्याहून कमी. पण मिळाले.

तेव्हापासून माझा नेम आहे. प्रत्येक केंद्रावर एक लिटर पाणी नरसाळ्यात हळूहळू ओततो आणि वाट्यांचे टकटक आवाज मोजतो. आमच्या वीस सेंटिमीटर तोंडाच्या यंत्रात ते चौसष्टच्या आसपास यायला हवेत. शाळेतली पोरं भोवती जमतात, पाढे म्हणावेत तसे मोठ्यानं आकडे म्हणतात.

पुढच्या मे महिन्यात त्या गावीही गेलो. आजोबा कुंपणापाशी येऊन शेवटच्या टकटकीपर्यंत थांबले. मग म्हणाले, “बरं झालं. आता या साली आमचा पाऊस नीट लिवून घ्या.”

त्या दिवशी माझी शेवटची एसटी चुकली. मुक्काम आजोबांकडेच केला.