फौजीची मुलं: किती समज, किती गैरसमज

‘फौजीचं पोर ते, कशाला रडतंय?’ हे कौतुकानं म्हटलं जातं, पण सगळ्यांत जास्त नुकसान याच समजानं होतं. बाप सीमेवर असताना पोरांना घरी एकच बजावलेलं असतं, पप्पांना टेन्शन द्यायचं नाही. मग रेंज मिळून फोन लागला, की गणितात नापास झालेला नववीतला मुलगाही ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो आणि फोन बहिणीकडे देतो. हा कणखरपणा नव्हे, घुसमट आहे.

अमेरिकेत रँड या संस्थेच्या संशोधकांनी सैनिकांच्या ११ ते १७ वर्षांच्या दीड हजार मुलांची पाहणी केली. ती २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. या मुलांमध्ये भावनिक अडचणी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. आईवडिलांपैकी एकजण जितके महिने मोहिमेवर, तितका त्रास अधिक. घरी राहिलेला पालक मनानं खचलेला असेल तर आणखी. ‘मोठा झालाय, समजतं त्याला’ हेही खोटं ठरलं, कारण मोठ्या मुलांनाच जास्त जड गेलं.

वडील सुट्टीवर आले की सगळं सुरळीत होतं, असं आपण धरून चालतो. पाहणीत मात्र पालक परतल्यावरही मुलींना अडचणी अधिक आल्या. मला यात नवल वाटत नाही. वर्षभर बँक, बाजार, धाकट्याचा अभ्यास सांभाळणाऱ्या मुलीला ‘कुठं निघालीस?’ विचारणारं माणूस एकदम घरात येतं.

फौजीची सगळी मुलं कँटोन्मेंटमध्ये वाढतात असंही नाही. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत जवानांची कितीतरी मुलं आजीआजोबांजवळ शिकतात. त्यांची शाळा बदलत नाही, पण बाप वर्षातून मोजके दिवस दिसतो.

बदलीवर फिरणाऱ्यांचा अभ्यास बुडतोच, हे मात्र खरं नाही. केंद्रीय विद्यालयं १९६३ साली बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांसाठीच निघाली. अभ्यासक्रम देशभर एकच. तुटतात ते मित्र, आणि फुटबॉलच्या संघातली जागा दर वेळी नव्यानं मिळवावी लागते.

बोलायला माणूस हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला आहे. पोराला हा नंबर वडिलांनीच द्यावा, फोनवरून, स्वतःच्या आवाजात.