वैरागच्या विहिरीतला लाव्हा

‘दान्तेज पीक’ (१९९७) हा ज्वालामुखीपट प्रेक्षकांना आजही आवडतो. राखेचा पाऊस, कोसळणारे पूल, आम्लाच्या तळ्यात उतरणारी आजी. पियर्स ब्रॉस्ननची गाडी लाव्हावरून जाते, तेव्हा मात्र भूशास्त्राचे जाणकार नाराज होतात. पातळ बेसॉल्टी लाव्हा सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्यावर टायर टिकणार कसे? शिवाय स्फोटक, शंकूसारख्या डोंगरातून असा पातळ लाव्हा सहसा वाहत नाही. हा आक्षेप मला पटतो. राखेचे आणि चिखलाच्या लोंढ्याचे चित्रण मात्र सिनेमात पुष्कळ खरे आहे.

पातळ लाव्हाचे काम पाहायचे, तर बार्शी तालुक्यातल्या वैरागला कोरड्या विहिरीच्या काठावर उभे राहावे. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांची भोके दिसतात, त्यांत पांढरी खनिजे भरलेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज दख्खनचा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत तो खूप जाड, पूर्वेकडे पातळ होत जातो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर त्याचा तळ लागला.

ज्वारी पिकवणारी इथली काळी माती याच खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे.