मुले आणि इंटरनेट : कोणत्या वयात काय शिकवावे?

२००२ साली परमधर्मपीठाच्या सामाजिक संपर्क माध्यम समितीने ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्या काळी आपल्याकडे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासाच्या दराने मिळणारा संगणक, नाहीतर घरच्या टेलिफोनची लाईन अडवून चालणारी संथ जोडणी. तरीही त्या दस्तऐवजाने पालकांना दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या होत्या : मुलांना देखरेखीशिवाय इंटरनेट वापरू देऊ नये, आणि तेथे त्यांनी जे पाहिले-अनुभवले त्याविषयी त्यांच्याशी बोलत राहावे. पहिल्या सूचनेची आठवण आपल्याला वरचेवर होते. दुसरी मात्र अनेक घरांत मागे पडली आहे, आणि आज तीच अधिक निकडीची आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरू लागली आणि मुलाच्या हाती फोन देणे भाग पडले. तो फोन पुढे हातातच राहिला. आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने कामावर गेलेले, घरी आजी-आजोबा आणि शाळेतून परतलेले मूल. अशा घरात अखंड देखरेख शक्य नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. मग उरते ते शिक्षण. पण ते कसे दिले जाते? अनेक शाळांत वर्षातून एकदा व्याख्यान ठेवतात. पाचवी ते दहावीची मुले एकाच सभागृहात बसतात आणि सर्वांना तेच ऐकवले जाते. दहा वर्षांचे मूल घाबरून जाते, सोळा वर्षांचा मुलगा जांभई देतो. प्रत्येक वयात धोका वेगळ्या दिशेने येतो, म्हणून शिकवणही वेगळी असावी लागते. मात्र एक गोष्ट सर्व वयांना समान आहे : काही विपरीत घडल्यास मूल घरी येऊन सांगेल की नाही, यावर त्याची सुरक्षितता अवलंबून असते.

सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. या वयात मूल वाईट माणसाला भेटते त्यापेक्षा वाईट दृश्याला अधिक वेळा भेटते. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो आणि बालगीतापासून निघालेले मूल भलत्याच ठिकाणी पोहोचते. ‘खासगीपणा’ हा शब्द त्याला समजणार नाही. कृती मात्र समजते. काही घाणेरडे किंवा भीतिदायक दिसले तर फोन उलटा ठेवायचा आणि मोठ्यांना हाक मारायची, एवढेच शिकवावे आणि त्याचा खेळासारखा सराव करून घ्यावा. फोन घरातील सर्वांच्या वावराच्या खोलीतच वापरायचा, हा नियमही याच वयात रुजतो. तेराव्या वर्षी तो नव्याने लावू गेल्यास भांडण होते. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात, तो शक्यतो खेळायला देऊ नये.

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वयापासून साधारण बारा वर्षांपर्यंतचा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल या वयात खेळांकडे वळते, आणि खेळ आता एकट्याचा राहिलेला नाही. कानाला हेडफोन लावून ते कोठल्या तरी दूरच्या खेळाडूशी बोलत असते. येथे आपली पारंपरिक शिकवण अपुरी पडते. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ असे आपण सांगतो. परंतु ज्याच्यासोबत पंधरा दिवस रोज संध्याकाळी खेळलो, तो मुलाच्या लेखी अनोळखी नसतोच. तो ‘माझा दोस्त’ असतो. म्हणून माणूस कोण आहे यापेक्षा तो काय मागतो, हे ओळखायला शिकवावे. ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हणणारा. ‘आता घरात कोण आहे?’ असे विचारणारा, खेळातील नाणी फुकट देऊ करणारा, ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’ म्हणणारा, फोटो मागणारा. यांतली एकही मागणी आली की खेळ थांबवायचा, मग ती ओळखीच्या दादाकडून आलेली का असेना. हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे, कारण मुलांना फसवणारे कित्येकदा त्यांच्या परिचयातलेच असतात.

केवळ सांगून हे साधत नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन मुलांना उभे करून संवाद म्हणवून घ्यावा : एकाने मागणी करावी, दुसऱ्याने ‘मला आईला विचारावे लागेल’ असे उत्तर द्यावे. हे वाक्य तोंडात बसलेले असले की प्रसंगी सुचते. याच वयात वेळेच्या मर्यादेचाही प्रश्न येतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद लाभलेले कार्लो अक्युतिस मुलांना ‘संगणकवाले संत’ म्हणून ठाऊक आहेत. त्यांनी व्हिडिओ गेम्ससाठी आठवड्याला एकच तास ठेवला होता, हे मात्र मुलांना क्वचितच सांगितले जाते. आमच्या उपदेशापेक्षा त्यांचे उदाहरण मुलांना अधिक पटते, असा अनुभव आहे.

पालकांकडून सर्रास घडणारी एक गोष्ट येथे नोंदवतो. इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर खाते उघडण्यासाठी किमान १३ वर्षांची अट आहे. दहा वर्षांच्या मुलाचा हट्ट पुरवण्यासाठी आईवडीलच खोटे जन्मसाल भरून देतात. त्याचा परिणाम पुढे दिसतो. त्या खात्याच्या हिशेबी मूल पंधराव्या वर्षीच अठरा वर्षांचे, म्हणजे प्रौढ ठरते. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी वेगळी खाती आणली, भारतात ती २०२५ पासून लागू झाली. त्यांत खाते आपोआप खासगी राहते आणि परक्यांना थेट संदेश पाठवता येत नाहीत. खोट्या जन्मसालामुळे हे संरक्षण निसटते. शिवाय इंटरनेटवर खोटे बोलण्याचा पहिला धडा मुलाला घरातच मिळतो, ते वेगळेच.

आता तेरा ते अठरा. या वयात धोका दोन बाजूंनी येतो आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी छायाचित्र असते. पहिली बाजू खंडणीची. एखाद्या मुलीच्या नावाचे खाते मुलाशी मैत्री करते, संभाषण लवकरच दुसऱ्या ॲपवर नेते, स्वतःचे म्हणून एक फोटो पाठवते आणि तसाच फोटो मागते. तो मिळताच काही मिनिटांत सूर बदलतो : पैसे पाठव, नाहीतर हा फोटो तुझ्या सर्व मित्रांना जाईल. मित्रांची यादी तोवर उतरवून घेतलेली असते. अशा आर्थिक खंडणीत १४ ते १७ वर्षांचे मुलगे विशेष लक्ष्य होतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने दिला आहे. मुलींना सावध करताना मुलग्यांना वगळण्याची आपली सवय येथे महागात पडते. या दडपणाखाली काही देशांत किशोरवयीन मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आहेत. खंडणीखोराचे सारे भांडवल म्हणजे मुलाची लाज. ‘फोन काढून घेईन’ ही आपली नेहमीची धमकी त्या भांडवलात भर घालते, कारण सांगितले तर फोन जाईल आणि मारही मिळेल, हा हिशेब मुलाने आधीच केलेला असतो. म्हणून पालकांनी शांत प्रसंगी, काही घडण्यापूर्वीच, आपल्या मुलाला शब्द द्यावा : तू कितीही मोठी चूक केलीस तरी मला सांग, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. आणि तो शब्द पाळावा.

दुसरी बाजू वर्गमित्रांची. स्पेनमधील आल्मेंद्रालेखो या गावात २०२३ साली शाळकरी मुलांनी आपल्याच परिचयातील मुलींचे साधे फोटो घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपद्वारे त्यांची नग्न चित्रे बनवली आणि व्हॉट्सॲपवर फिरवली. २०२४ मध्ये तेथील बाल न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना दोषी ठरवून एक वर्ष निगराणीखाली ठेवले. त्या मुलींनी कोणालाही गैर फोटो पाठवला नव्हता. तेव्हा ‘फोटो पाठवू नका’ एवढेच मुलींना शिकवणे पुरेसे नाही; ‘आलेला फोटो पुढे पाठवू नका’ हे सर्वांनाच शिकवायला हवे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार मुलांची अश्लील चित्रे बनवणे वा पुढे पाठवणे हा पहिल्या अपराधासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य बाळगण्याविषयीही कठोर भूमिका घेतली. अपराधी अल्पवयीन असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जातेच. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव नाही, हे नववी-दहावीच्या मुलांना कायद्याच्या भाषेत सांगावे. या वयाला ती भाषा नीतिपाठापेक्षा जास्त समजते.

ओघाने आले म्हणून लिहितो. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातील मुलामुलींचे फोटो, त्यांखाली पूर्ण नाव, शाळा आणि गाव, असे धर्मग्रामाच्या खुल्या पानांवर व गटांवर टाकले जातात. हौस समजू शकते. पण मुलांना माहिती जपायला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच ती अशी उघड मांडावी काय? सामूहिक फोटो, नावांविना, पालकांच्या संमतीने, एवढे पथ्य धर्मग्रामांनी पाळायला हरकत नाही.

मुलाने सांगितलेच तर पुढे काय? प्रथम ‘सांगितलेस ते बरे केलेस’ असे म्हणावे. ‘तू असे केलेसच कसे?’ हा प्रश्न त्या दिवशी गिळून टाकावा. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून संभाषण पुसून टाकू नये. खात्याचे नाव, धमकीचे संदेश आणि दिनांक यांची नोंद ठेवावी, मग ते खाते बंद करावे. तो फोटो मात्र पुरावा म्हणून नातेवाइकांना किंवा शिक्षकांना पाठवू नये. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवाही उपलब्ध आहे : १८ वर्षांखालील वयातला फोटो असेल, तर तो कोठेही न पाठवता फोनवरच त्याची एक अंकीय खूण तयार होते, आणि सहभागी माध्यमे त्या खुणेवरून तो शोधून काढून टाकतात.

शिक्षक, धर्मशिक्षक आणि आम्हा धर्मगुरूंसाठी आणखी एक गोष्ट. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलावरील लैंगिक अपराधाची माहिती कळल्यास ती पोलिसांना देणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे; संस्थेचे नाव राखण्यासाठी प्रकरण आतल्या आत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले मात्र धर्मगुरूला कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगता येत नाही. फसवले गेलेले मूल पुष्कळदा तेथेच प्रथम बोलते, आणि तेही आपलेच पाप म्हणून. अशा वेळी त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : ज्याने फसवले आणि धमकावले, अपराध त्याचा आहे, आणि हे तू आजच, येथून बाहेर पडल्यावर, तुझा विश्वास असलेल्या एका मोठ्या माणसाला सांग. सांगायला कोणीच नाही असे मूल म्हणाले, तर संस्कारानंतर बाहेर मलाच सांग, असे म्हणावे.