‘क्वचित’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे

जालन्याच्या मोंढ्यात हिशेब ठेवणाऱ्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. त्यात दोन कामे एकाच वेळी मेमरीच्या एकाच पानाला भिडली, तर निकाल आधी कोण पोचले यावर ठरू शकतो; यालाच शर्यत (रेस कंडिशन) म्हणतात. अशाच शर्यतीतून आलेल्या, २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी काऊ’ दोषामुळे फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलवरही लिहिता येत होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर त्याच्या ११ वर्षे आधीच उपाय केला होता, पण तो पुढे मागे घेतला गेला. तेव्हा केवळ कागदावरची वाटणारी शर्यत नंतर सहज घडवता येऊ लागली.

अशी शर्यत टाळण्यासाठी एका वेळी एकाच कामाला आत सोडणारे लॉक लावतात. लॉकमुळे वेग घटतो, हा आक्षेप खराच आहे. म्हणून लॉक सामायिक माहितीपुरतेच असावे आणि शर्यती आणि लॉकच्या चुका पकडणाऱ्या ‘केसीसॅन’ (KCSAN), ‘लॉकडेप’ यांसारख्या साधनांनी कोड आधीच तपासावा. दुर्मिळ म्हणून सोडलेली चूक कोट्यवधी यंत्रांवर दुर्मिळ राहत नाही.